टिटवीने पुसलेला संगणक

एका जंगलात वीस वर्षांच्या नोंदी एक बटण दाबताच पुसल्या गेल्या, आणि मृण्मयी टिटवीला तिथेच काहीतरी खटकलं. मुलांनो, साधी पाटी पुसायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

मृण्मयी वनकचेरीत कारकून होती. शिकलेली, हुशार, पण पान पडलं तरी दचकणारी. कचेरीतला सगळ्यात जुना संगणक त्या दिवशी भंगारात जायचा होता. आणि भंगारवाला होता तरस.

त्या संगणकात जंगलातल्या प्रत्येक बिळाचा पत्ता होता, मागच्या दारासकट. पूर आला तर कुणाला कुठून बाहेर काढायचं, म्हणून केलेली यादी.

तिने अस्वलसाहेबांना शंका सांगितली. साहेब म्हणाले, "पडद्यावर काही दिसतंय का? नाही ना? मग गेलं."

मृण्मयीने संगणकाची माहितीपुस्तिका शोधून काढली. त्यात लिहिलं होतं की असं पुसल्यावर नुसती अनुक्रमणिका फाटते, पानं तशीच राहतात. खरंच पुसायचं तर हार्ड डिस्कच्या प्रत्येक जागेवर शून्य लिहायचं. संगणक म्हातारा असेल तर सहा तास धरावेत.

तिने लगेच शून्यं लिहायला लावली. संगणक कुरकुरत कामाला लागला. तिला जरा हायसं वाटलं.

दुपारी निरोप समारंभ होता. त्या कचेरीची रीतच तशी. निवृत्त होणारा संगणक का असेना, त्याला शाल-श्रीफळ द्यायचं. साहेबांनी पडद्याला शाल पांघरली. मग भाषणासाठी माइक लावायचा होता, आणि खोलीत प्लगची जागा एकच होती.

साहेबांनी संगणकाचा प्लग काढला.

"साहेब, तो अजून पुसतोय. शंभरातलं नऊच झालंय."

"बाळ, निवृत्तीच्या दिवशी कुणी काम करतं का?"

साहेब तासभर बोलले. हा कधी रजेवर गेला नाही, कधी उलट बोलला नाही, असं बरंच काही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तरसाने जरा जास्तच. मग त्याने संगणक शालीसकट हातगाडीवर घातला. त्याच्या दुकानात एक कोल्हा होता, तो अनुक्रमणिका नसलेली पानंही सहज वाचून द्यायचा.

मृण्मयीने संध्याकाळपर्यंत बिळाबिळात फोन लावले. कुणी उचलेना. रोज चार वेळा तिचाच फोन यायचा, कधी वणव्याचा वास आला म्हणून, कधी साप दिसल्यासारखा वाटला म्हणून. तिची मैत्रीण कुमुद सशीण तर तोंडावर सांगायची की तुझा नंबर दिसला की मी आधी चहा ठेवते, मग बघते.

कुमुदचा फोन अकराव्यांदा वाजला, आणि उचलला गेला.

"कुमुद, आधी मागचं दार लाव," मृण्मयी एका दमात म्हणाली.

"कुमुदताई चहा ठेवतायत," पलीकडून तरस म्हणाला. "दार मी आत आल्याबरोबर लावलं. तुमची यादी फार नेटकी आहे हो."

तात्पर्य: कचेरीतल्या नोंदी नेहमी अचूक ठेवाव्यात. कधी ना कधी, कुणाच्या तरी त्या उपयोगी पडतातच.