लेवसाहेबांचा ढोल

अमेरिकेत, ईडन प्रेरीतले आमचे शेजारी लेवसाहेब चहाचा कप पुढे करतात आणि लगेच विचारतात, "आक्षेप?" साखर कमी आहे म्हटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. छान झालाय म्हटलं, तर हा माणूस उठून खिडकी लावून घेतो.

वय सत्त्याऐंशी. सोव्हिएत काळात ते मायदेशी संगीतकार होते. नवी रचना आधी समितीला ऐकवायची; उदास सूर निघाला की चौकशी. म्हणून लेवसाहेब हळुवार रचनेत मुद्दाम एक ढोल घालायचे, कानाखाली आवाज काढल्यासारखा. समिती खूश होऊन ढोल काढायला लावी आणि बाकीचं पास करी.

"एकाच्या रचनेवर कुणीच आक्षेप घेतला नाही," ते एकदा म्हणाले. "आठवडाभरात सगळ्या जाहिरातींवरून त्याचं नाव गेलं."

मला मेलीला हसू आलं. नवी नवरी असताना मीही फरसबीच्या चार शेंगा मुद्दाम जाड चिरायचे. सासूबाईंनी त्यावरून बोलावं, आमटीकडे बघू नये! स्वतःला केवढी चाणाक्ष समजायचे. पुढे नणंद म्हणाली, "आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं गं."

परवा लेवसाहेबांच्या घरी नव्या रचनेची शेवटची तालीम होती. दुसऱ्या दिवशी लायब्ररीत कार्यक्रम. खिडक्या घट्ट बंद. माझी नात अनया चेलो वाजवत होती. संथ, अंगाईसारखा सूर... आणि मध्येच लेवसाहेबांचा ढोल, धडाम!

"आक्षेप?"

"इट्स परफेक्ट, आजोबा!" अनया म्हणाली. तालीम ऐकायला आलेल्या लायब्ररीच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या.

लेवसाहेब पांढरेफटक पडले. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "कुणीच का बोलत नाही?"

"अहो, तुम्हीच काढा ना तो ढोल!"

"मी काढला तर समिती दुसरं काहीतरी काढेल."

"दुसरं काय?"

"व्हेराचं." व्हेरा त्यांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. "भांडी घासताना ती हे गुणगुणायची. प्रत्येक रचनेत मी ते ढोलामागे लपवत आलो."

बाई पर्स उचलून निघाल्या होत्या. मी उभी राहिले. गुडघे माझे, आवाज मात्र थेट सासूबाईंचा लागला.

"आक्षेप आहे! तो ढोल काढा. अजिबात शोभत नाही."

"आजी! यू कान्ट जस्ट से दॅट!"

लेवसाहेब रीतीप्रमाणे माझ्याशी दोन मिनिटं भांडले. मग पेन्सिलीनं कागदावरचा ढोल खोडला.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं राहू द्या."

त्यांनी पुन्हा वाजवायला सांगितलं, आणि उठून खिडकी उघडली.