नानांचा बेडूक

देवपूरच्या आमच्या गल्लीतले भास्करनाना आयटीआयमधून निवृत्त झाले आणि त्यांनी बेडूक पाळला. मातीचा, नारळाएवढा. दर रविवारी चहानंतर तो टीपॉयवर बसायचा आणि आमचे घोडे गिळायचा.

त्यांचा मुलगा पुण्याला जाताना एक खेळ घरी विसरला होता. अमेरिकेतलं वाळवंट, बंदूकवाले घोडेस्वार, फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची. गोष्ट सांगायची नानांनी. घोडेस्वार मी आणि घड्याळं दुरुस्त करणारे सलीमभाई. खेळाच्या पुस्तकात बेडूक नव्हताच. तो नानांनी घुसवला. "एसटीएवढा शे," ते बजावायचे. "जपून."

बेडकाची पाळी आली की नाना उठून आतल्या खोलीत जायचे. बाहेर येऊन गंभीरपणे सांगायचे, "तो म्हणतो, घोडा खासू." अमेरिकेतला बेडूक अस्सल अहिराणी बोलायचा.

एका रविवारी बेडकावर गोळी झाडताना सलीमभाईंना दोन्ही फाशांवर सहा पडले. नियमाने बेडूक मेला.

"तो मरायचा नाही," नाना म्हणाले.

"कोणत्या पानावर लिहिलंय?"

नाना उठून आत गेले. सलीमभाई चिडून चपला घालू लागले. मी नानांची समजूत काढायला मागोमाग गेलो.

आत पलंगावर अक्का होत्या, नानांच्या पत्नी. अर्धांगवायूनंतर त्यांची वाचा गेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. नाना त्यांच्या कानाशी वाकले होते.

"सलीमभाईंचा घोडा पुढे उभा शे. काय करशी?"

बराच वेळ गेला. अक्कांचे ओठ हलले. "खा... सू."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "माझं नावही येत नाही तिला आता. फक्त याचं उत्तर देते."

मी बाहेर येऊन सलीमभाईंना सांगितलं. त्यांनी चपला काढल्या आणि आपला घोडा उचलून बेडकाच्या तोंडाशी ठेवला. त्यानंतर बेडकावर कोणी गोळी झाडली नाही. पाचसहा महिने आमचे घोडे मरत राहिले.

मार्गशीर्षात अक्का गेल्या. महिन्याभराने नानांनी स्वतःच आम्हाला बोलावलं. डाव मांडला. बेडकाची पाळी आली तसे ते उठले, आतल्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थांबले. मग परत येऊन बसले.

"आज तो काही बोलत नाही," ते म्हणाले. "तुम्ही जा पुढे."

रस्ता मोकळा होता. सलीमभाईंनी घोड्याला हात लावला नाही.

"आम्हाला घाई नाही, नाना," ते म्हणाले. "थांबू आपण."