सदरो वाळलोच पाहिजे!

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला. आणि कॉलेजात घालून जायचा सदराही घरात एकच होता. आधी दोन होते. तांब्यात निखारे घालून तो कपड्यावरून फिरवायचा, हीच आमची इस्त्री. एकदा आई घाईघाईनं ओला सदरा तसाच वाळवायला गेली आणि त्याची पाठच जळली. राहिलेला सदरा रोज संध्याकाळी धुवायचा, सकाळी घालायचा. उन्हाळ्यात निभायचं. श्रावणात मात्र आमच्या लालबागच्या चाळीत गॅलरीत टाकलेला कपडा सकाळी जास्तच ओला लागायचा. तो तसाच घालून दोनदा ताप भरला, कॉलेज बुडालं. शेवटी तिथला कारकून म्हणाला, "आणखी चार दिवस गैरहजर राहिलात तर टर्म मिळणार नाही. मग परीक्षा विसरा."

हे परबकाकांच्या कानावर गेलं.

परबकाका म्हणजे आमच्या मजल्यावरचे कोपऱ्यातल्या खोलीतले. गिरणीत वायरमन, घरात एकटेच. त्यांचा डावा हात कायम खाकी अर्ध्या चड्डीच्या खिशात. नमस्कार एका हातानं. आरतीला टाळी मांडीवर. लग्नात अक्षता टाकायच्या तर वाटी शेजाऱ्याच्या हातात. मी एकदा कारण विचारलं तर डोळे वटारून म्हणाले, "मेल्या, कॉलेजात काय शिकतंस? वीज ह्या हातातसून त्या हातात जाता. आणि मधी काळीज आसता!" गिरणीत विजेचं काम एका हातानंच करायचं, हा त्यांचा धडा. पण काका तो चहा पितानाही पाळायचे.

तर काकांनी चहाचं रिकामं लाकडी खोकं आणलं. तळाला विजेच्या शेगडीची कॉइल, वर आडवी काठी, काठीवर माझा सदरा. "गिरणीत शेकडो वार कापड सुकवतंय," ते एक हात नाचवत म्हणाले, "तुझो एक सदरो सुकूचो नाय? वाळलोच पाहिजे!"

बटण दाबलं. कॉइल लाल झाली. आई, मी, काका, तिघंही त्या खोक्यात डोकावून बघत होतो. दहा मिनिटं झाली आणि फट्! सगळा मजला अंधारात.

ते दिवस चळवळीचे. पोलीस, मोर्चे, हरताळ, सगळं रोजचंच. दिवे जाताच गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, "सरकारनं वीज तोडली रे!" लगेच दुसरा गरजला, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." आणि अख्खी चाळ म्हणाली, "झालाच पाहिजे!" समोरच्या चाळीत दिवे लख्ख होते, पण त्यांनीही साथ दिली. पत्रे वाजले, थाळ्या वाजल्या. जिन्याखालच्या फ्यूजपाशी मेणबत्ती घेऊन उभे असलेले काका घसा फोडून सांगत होते, "सरकार नाय रे, फ्यूज! फ्यूज गेलो!" कोण ऐकतंय!

दुसऱ्या दिवशी काकांनी सगळ्या खोल्यांतले दिवे बंद करायला लावले, भार नको म्हणून. फट्! तिसऱ्या दिवशी फ्यूजची तार जाड घातली. फट्! चौथ्या दिवशी नवी कॉइल. फट्! प्रत्येक वेळी वर घोषणा, खाली काका. आणि सकाळी सदरा ओलाच. मधला रविवार सोडला तर चारांतले तीन दिवस मी घरी बसलो. आता एक उरला होता.

पाचव्या संध्याकाळी, बटण दाबायच्या आधीच, शेजारच्या सावंतवहिनी कंदील घेऊन आल्या. गिरणीत काम करणारी बाई, तोंडाची फटकळ. त्यांनी खोक्यात कंदील धरला आणि कपाळावर हात मारला. "अहो परबानू, कापड पिळूचा असता, म्हायत नाय? ह्याच्यातसून नळ व्हावता! पाणी टपकता थेट तुमच्या विजेच्या जोडावर!"

दारात जमलेली माणसं खो खो हसली. एवढा गिरणीतला वायरमन, आणि कपडा पिळायचं कळत नाही! आई दाराला टेकून पदराचं टोक चावत उभी होती. काकांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पिळूचा काम माझा होता. इसारलंय."

मीही हसलो. खोटं का सांगू?

माणसं पांगली. काकांनी मला घासलेटचा डबा धरायला लावून त्याचा पत्रा कापला, त्याची पन्हळ केली आणि सदऱ्याखाली तिरपी बसवली, थेंब खोक्याबाहेर पडावेत म्हणून. सदरा मात्र पुन्हा तसाच निथळता टांगला. मी वैतागलो. "काका, सरळ पिळा ना! उद्या गेलो नाही तर वर्ष जाईल माझं!"

काकांनी सदरा काठीवरून काढला आणि एका हातानं माझ्या डोळ्यांसमोर कंदिलावर धरला. पाठीतून वात दिसली. नुसता उजेड नव्हे, चांगली वातीसारखी वात.

"पिळलंय तर दोन तुकडे होतले," ते हळू आवाजात म्हणाले. "मगे काय घालतलस?"

"मग वहिनींना तसं का नाही सांगितलंत?"

"तुझो सदरो इरलो म्हणान साऱ्या चाळीक सांगू? तुझ्या आवशीसमोर?" त्यांनी सदरा पुन्हा काठीवर सरळ केला, कॉलर झटकली. "माका येडो म्हणतत तर म्हणांदेत. चल, बटण दाब."

मी बटण दाबलं. दहा मिनिटं झाली. वीस झाली. पन्हळीतून थेंब बाहेरच्या वाटीत टपटपत होते. दिवे गेले नाहीत. गॅलरीत कुणीतरी निराश होऊन विचारलं, "आज घोषणा नाय काय रे?"

बी.ए.चा निकाल लागला त्या दिवशी मी पेढे घेऊन कोपऱ्यातल्या खोलीत गेलो. वाकून नमस्कार केला. उठलो तर काकांचा डावा हात खिशाबाहेर होता. दोन्ही हातांनी त्यांनी माझे खांदे धरले, मग बोटांनी कापड चाचपलं.

"नवो?"

"नवा, काका."

"मगे ह्यो पिळूक हरकत नाय," ते म्हणाले, आणि किती तरी वेळ त्यांनी हात काढले नाहीत.

त्या टर्मला पुढे माझा एकही दिवस बुडाला नाही. मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यातला पहिला.