ब्रॅंडनच्या झबल्यांचे सन्मानपूर्वक हस्तांतरण

शिरोड्याच्या निवृत्त शिक्षिका फ्रान्सिस्का फर्नांडिस यांचा नातू ब्रॅंडन श्रावणात आपल्या कुठल्याच झबल्यात मावेनासा झाला. ही वाढ नैसर्गिक होती आणि तिला कोणाची हरकतही नव्हती. त्याच्या बाप्तिस्म्याला गोव्याकडच्या झाडून सगळ्या पाहुण्यांनी एकाच मापाचे कपडे आणले होते, त्यामुळे निम्मी झबली तर अंगाला लागलीही नव्हती. फ्रान्सिस्काने ती धुतली, इस्त्री केली, पिशवीत भरली आणि ती समोरच्या तुळसाकडे निघाली.

तुळसाची सून स्वप्ना तीन महिन्यांचं बाळ घेऊन नुकतीच माहेराहून घरी आली होती. तुळसाचा मुलगा होडीवर कामाला. पावसात मासेमारी बंद, म्हणून कामही बंद. त्यात हवा अशी दमट, की आज धुतलेलं दुपटं उद्याही ओलंच. तुळसा आपली जुनी लुगडी फाडून नातवाला गुंडाळत होती, आणि आता लवकरच ती स्वतः काय नेसणार हा प्रश्न उभा राहणार होता.

मधला रस्ता ओलांडला की काम झालं असतं. पण रस्त्यात गुरुदास भेटला.

गुरुदास हा गावातल्या ‘हात पुढे’ साहाय्य मंडळाचा अध्यक्ष. लहानपणी फ्रान्सिस्काच्याच वर्गात शिकलेला, म्हणून अजून तिला टीचर म्हणायचा.

“पिशयेत काय, टीचर?”

“ब्रॅंडनचे जुने कपडे. तुळसाच्या नातवाक देतंय.”

गुरुदासने स्कूटर बंद केली. मंडळाचं बोलायचं असलं की तो मालवणी सोडून प्रमाण मराठीत शिरत असे.

“म्हणजे थेट? हातात?”

“मगे काय, पायात?”

“तसं नाही टीचर. असं थेट देण्यात घेणाऱ्याचा सन्मान राहत नाही. देणाऱ्याचा तर अजिबातच राहत नाही. शिवाय गरजू कोण, हे तुम्ही परस्पर कसं ठरवलंत?”

“पोर उघडा आसा रे.”

“ते झालं प्रथमदर्शनी,” असं म्हणून गुरुदासने पिशवी स्कूटरच्या हुकाला अडकवली आणि मंडळाच्या वतीने ताब्यात घेतली.

नवरा डॉमिंगो पडवीत बसून हे पाहत होता. “रस्तो ओलांडूक गेलंस नि पिशवी घालवून इलंस?” एवढंच तो म्हणाला, आणि पुन्हा जाळं सांधायला लागला.

मंडळाची तातडीची सभा भरली. उपक्रमाला ‘वापरलेल्या बालवस्त्रांचे सन्मानपूर्वक हस्तांतरण’ असं नाव देण्यात आलं. पण वस्त्रं खरोखर लहान झाली आहेत याला पुरावा काय? मग दोन सदस्य फर्नांडिसांच्या घरी आले आणि त्यांनी पडताळणीसाठी ब्रॅंडनला एक झबलं घालायला घेतलं. ते कानापाशी अडकलं. पुढे जाईना, मागे येईना. आत ब्रॅंडन जो ओरडला, तो थेट चर्चपर्यंत ऐकू गेला. शेवटी त्याची आई ब्रेंडा कात्री घेऊन धावली. ‘वस्त्र लहान असल्याचे सिद्ध. एक नग पडताळणीत खर्ची’ असा शेरा पडला.

मग गरजेची पडताळणी. गुरुदास स्वतः तुळसाकडे गेला. बाळ लुगड्याच्या फडक्यात पडून छताकडे बघत खिदळत होतं.

“हे तर हसतंय,” गुरुदास गंभीरपणे म्हणाला. “गरज स्पष्ट होत नाही.”

“पोट भरलला आसा, म्हणान हसता,” तुळसा म्हणाली. “रडवूचा काय?”

“सक्ती नाही. पण बरं पडेल.”

फ्रान्सिस्का सोबत होती. तिने बाळ उचललं आणि अध्यक्षांच्या मांडीवर ठेवलं. थोड्याच वेळात अध्यक्ष ताडकन उठले. गरज ओलसर स्वरूपात निदर्शनास आल्याचं त्यांनी सभेत सांगितलं.

आता वाटप व्हायला हरकत नव्हती. फक्त प्रमुख पाहुणे मिळायचे होते. पाहुणे मिळाले, पण त्यांना चतुर्थीपर्यंत सवड नव्हती. चतुर्थीनंतर सवड झाली, तर फलक चुकला. ‘जुन्या बालवस्त्रांचे वाटप’ऐवजी ‘जुन्या बाळांचे वाटप’ असं छापून आलं, आणि तो फलक महामार्गावर एक रात्र लटकला. कसालहून एका बाईने फोन करून विचारलं, की दहावीला बसलेलं बाळ घ्याल का, आणि आणायला तुम्ही येता की आम्ही पोचवू. मंडळाने खुलासा काढला. खुलाशानंतर पाहुणे रुसले, कारण खुलाशात त्यांचं नाव नव्हतं.

या सगळ्या काळात तुळसाचा नातू मंडळाला न कळवता वाढत होता.

फ्रान्सिस्का गुरुदासच्या घरी जाऊन थडकली. “अरे, पोर आता बसूक लागला. दात येतत त्येका. कपडे कधी देतलास?”

गुरुदास विचारात पडला. प्रश्न खरोखर बिकट होता. रात्री ठराव झाला, आणि दुसऱ्या दिवशी तो स्वप्नाला वाचून दाखवण्यात आला: लाभार्थ्याने वाटप होईपर्यंत नोंदणीच्या वेळचा आकार कायम ठेवावा.

“म्हणजे दूध बंद करू?” स्वप्नाने विचारलं.

“मंडळ तसं म्हणत नाही. बेताने पाजा.”

त्या दिवसापासून फ्रान्सिस्काने शहाणपण सोडून दिलं. आपल्या अंगणात ऊन येत नाही अशी तक्रार करत ती ब्रॅंडनचे त्यानंतर लहान झालेले कपडे तुळसाच्या दोरीवर वाळत घालायला लागली, आणि काढून आणायचं विसरायला लागली. डॉमिंगोने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “वय झाला माझा. आठवणा नाय.” कुडाळच्या बाजारातून तिने मोज्यांची नवी जोडी आणली आणि तीही नवीकोरीच वाळत घातली. तुळसाचा नातू, म्हणजे कौस्तुभ, ऐन दिवाळीत आजीच्या कडेवर चांगला नटून हिंडला.

अखेर मार्गशीर्षात मुहूर्त लागला. मंडप पडला, ध्वनिक्षेपक आला, मान्यवर बसले. आधी दात्या म्हणून फ्रान्सिस्काला शाल आणि नारळ. मग लाभार्थ्याला टेबलावर बसवण्यात आलं आणि गुरुदासचा चेहरा पडला.

“याच्या अंगावर शर्ट आहे!”

“मगे? थंडी आसा,” स्वप्ना म्हणाली.

“अहो, कपडे घातलेल्या मुलाला कपडे देताना कसं दिसेल ते? काढा.”

शर्ट काढला. समुद्राकडून वारा येत होता. कौस्तुभच्या अंगावर काटा आला. पाहुण्यांनी पहिलं झबलं उचलून त्याच्या डोक्यात घालायला घेतलं; ते कपाळावरच थांबलं. दुसरं एका हाताच्या मनगटात बसलं. टोपडं मुठीवर चढलं. तेव्हा असं ठरलं, की प्रत्येक मान्यवराने एकेक वस्त्र दोन्ही हातांनी पसरून छातीशी धरावं आणि बाळाने मध्ये बसावं. कोणी कुठलं झबलं धरायचं यावर मान्यवरांत वाद झाला, कारण बदकाचं चित्र असलेलं एकच होतं. तो वाद मिटेपर्यंत बाळ निळसर दिसायला लागलं, आणि मग ते रडलं. मोठ्यांदा.

“वा!” फोटोवाला म्हणाला. “असंच राहू दे.”

फ्रान्सिस्का खुर्चीवरून उठली. तिने खांद्यावरची शाल काढली, पोराला तिच्यात घट्ट गुंडाळलं, उचललं आणि ती मंचावरून उतरायला लागली. तुळसा आणि स्वप्ना मागोमाग निघाल्या.

गुरुदासची प्रमाण मराठी गळून पडली. “टीचर! शाल खंय व्हरतास? मंडळाची एकच आसा ती, पुढच्या सत्काराक होयी!”

“गुरुदास,” टीचर मागे वळून वर्गातल्या आवाजात म्हणाली, “बस खाली.”

तो बसला. इतर मान्यवरही बसले. पण फोटो राहिला होता, म्हणून ते पुन्हा उठले.

फोटो छान आला. कोट-टोपीतले सात-आठ भारदस्त पुरुष, प्रत्येकाच्या छातीशी एकेक झबलं, मध्ये रिकामं टेबल. बाळ कुठेच नाही. तो सगळ्या ग्रुपांवर गेला आणि खाली भराभर जोडलेले हात, फुलं, ‘स्तुत्य उपक्रम’ असं येत राहिलं. बाळ कुठे आहे, असं एकानेही विचारलं नाही. हे सगळे प्रतिसाद मंडळाने ‘जनतेचा पाठिंबा’ म्हणून कार्य अहवालात नावानिशी छापले आहेत. फोटो तुमच्याकडेही आला होता. तुमचं नाव दुसऱ्या पानावर आहे; जोडलेल्या हातांसहित.