टपरीपर्यंत रेंज

गायकवाडभाऊ आधी लॅपटॉप उघडतात, वायफायच्या कांड्या बघतात आणि मगच खुर्चीवर टेकतात. बरं, टेकले तरी टिकतील तर शपथ! एक कांडी गेली की उठलेच. नैवेद्याचं ताट न्यावं तसा उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून पार्किंगभर फिरणार. मधे कुणी नमस्कार केला तर, "थांबा राव, कांडी गेली!"

मोशीतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी, म्हणजे सगळ्यांच्या तक्रारी माझ्या बोकांडी. भाऊ चाकणच्या एका कंपनीतून रिटायर झाले आणि आमच्या जिन्याच्या मागं लागले. घरचं वायफाय पुढं ढकलायला प्रत्येक मजल्यावरच्या प्लगात एकेक डबी. तळमजल्यावर पाणी उडतं म्हणून तिथल्या डबीवर आइस्क्रीमचा रिकामा डबा उपडा घातलेला. चौथ्या मजल्यावरून निघालेली ही वरात खाली पोचली आणि भाऊ माझ्या दारात हजर.

"सेक्रेटरी, वॉचमनच्या केबिनमधला प्लग द्या. रेंज टपरीपर्यंत न्यायचीय."

रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी त्यांच्या जुन्या शिफ्टची मंडळी जमते. माझं डोकंच फिरलं.

"अहो, चहा प्यायला वायफाय कशाला लागतं?"

एरवी एकाला दोन ऐकवणारा माणूस एवढंच म्हणाला, "वर चला."

घरात दोघंच. वहिनींची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेलीय, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या डाव्या हाताशी बांधलेलं मोठं लाल बटण मात्र मी पहिल्यांदाच बघितलं. ते दाबलं की भाऊंच्या लॅपटॉपवर घंटा वाजते, पण घरचं वायफाय पोचतं तेवढ्यातच.

"फोन लावणं जमत नाही तिला, बोलणंही तुटक," भाऊ म्हणाले. "मित्र रोज बोलावतात. रेंजच्या बाहेर जाऊ कसा?"

मला फार वाईट वाटलं. प्लग दिला. कमिटी बोंबलली, म्हटलं बोंबला.

केबिनमध्ये डबी लागली त्याच संध्याकाळी आम्ही निघालो. मी कंपन्यांच्या बसना हात दाखवत पुढं, मागून भाऊ, नजर स्क्रीनवर. टपरीवर दोन कांड्या! मंडळींनी त्यांना बाकावर ओढलंच. "कुठं गायब होतास भावा?" म्हणत एकानं पाठीत धपाटा घातला. हातात ग्लास आला. भाऊंनी फुंकर मारली आणि घंटा वाजली.

चहा अर्धा बाकावर, अर्धा शर्टावर. भाऊ असे पळाले की एक बस कचकन थांबली. मी लॅपटॉप उचलून मागं. लिफ्टची वाटसुद्धा न बघता चार जिने चढले ते!

आत वहिनी निवांत पडलेल्या. भाऊंना धाप लागलेली.

"काय... काय होतंय?"

वहिनींनी नुसती मान हलवली. काही होत नव्हतं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

"चहा... मिळाला?"

भाऊ पलंगाच्या कडेला बसले. कांडी बघितली नाही, उठलेही नाहीत. वहिनींची उशी सरळ केली.

"मिळाला की. आल्याचा होता. झकास!"

वहिनींचा डावा हात हळूहळू त्यांच्या ओल्या शर्टावर गेला.

"खोटं," त्या म्हणाल्या. "उद्या... पिऊन या."