अडीच की पाच हॉर्सपॉवर

आमच्या अपार्टमेंटमधले भूपाल अण्णा माणसं हॉर्सपॉवरमध्ये मोजतात. मी पाऊण. आमच्या सौ. तीन. सोसायटीचे चेअरमन म्हणजे "मोटर धाची, पाणी न्हाय."

इथंच राजारामपुरीत अण्णांनी चौतीस वर्षं शेतीपंपांच्या मोटरी रिवाइंड केल्या. अंदाजे बोललेलं त्यांना खपत नाही. डॉक्टरांनी "थोडं चालत जा" सांगितलं, तर "थोडं म्हंजे किती मीटर?" असं विचारून त्यांनी दवाखान्याची रांग थांबवली.

पार्किंगमध्ये त्यांच्या वडिलांची सागवानी होडी आहे. बारा फूट. तीन स्कूटरची जागा जाते. मी टेपनं मोजली आहे. गावाकडं नदीपलीकडच्या मळ्यात जायला ती होती. वाटणीत मळा थोरल्या भावाकडं गेला, होडी अण्णांकडं आली. त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून दोघं बोलत नाहीत.

होडी दुरुस्त झाल्यावर तिला मागं लावायचं इंजिन अण्णा दोन वर्षं निवडत होते.

"पंधराचं घ्या की!" चेअरमन म्हणाले. "बघत राह्यली पायजेत माणसं!"

"बघतीलच की. इंजिन मागची फळी घिऊन जाईल, होडी हितंच राहील. आधी लोड सांगा, मग पावर."

त्यांचा हिशेब असा, की एवढ्या लांबीची होडी ताशी साडेआठ किलोमीटरच्या वर जात नाही. जास्त जोर लावला की नुसती मागून बसते. मी घरी पडताळून पाहिलं. बरोबर निघालं. म्हणजे अडीच हॉर्सपॉवर पुरत होतं. मग दोन वर्षं कशाला?

एकदा त्यांनी लोडचा कागद मला तपासायला दिला. होडी एकशे चाळीस किलो, अण्णा बासष्ट, इंजिन आणि पेट्रोल मिळून तीस. दोनशे बत्तीस व्हायला हवे होते. खाली तीनशे सव्वीस लिहिले होते.

"अण्णा, बेरजेत चौऱ्याण्णव जास्त आलेत."

"जास्त न्हाईत. दादा हाय त्यो." अण्णा पाना पुसत बसले. "वाटणीवेळी तेवढा व्हता. त्यो बसणार असंल तर पाच लागतंय. न्हायतर अडीच."

पाना केव्हाच स्वच्छ झाला होता.

"तुमी कळंब्याला जाताय न्हवं? दादा तितंच ऱ्हातोय. आत्ताचं वजन इचारून या. माझं नाव काढू नगा."

रविवारी गेलो. दादा कट्ट्यावर बसले होते. मी राजारामपुरीतून आलोय म्हणालो आणि वजन विचारलं.

"भूपाल्यानं धाडलंय न्हवं?"

नाव काढायचं नव्हतं, खोटंही बोलायचं नव्हतं. मी पुन्हा वजनच विचारलं.

दादा आत गेले, वजनकाटा घेऊन आले आणि चपला काढून त्यावर उभे राहिले. आकडा मी वाचला. एकोणऐंशी किलो आठशे.

"ऐंशी लिवा. आनि सांगा त्याला, फुडं मी बसणार. त्यो मागं."

परत येऊन सगळं जसंच्या तसं सांगितलं. अण्णांनी मान डोलावली. "पाचच घ्यायचं मग," म्हणाले, आणि कागदावर 'दादा' अशी नवी ओळ घालून पुढं ऐंशी लिहायला घेतलं. आठ लिहून पेन थांबलं.

"चौदा किलो कमी?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "जेवतोय न्हवं त्यो नीट?"