आधी आपण पोहावे

माणसाची संस्कृती कोरड्या जमिनीवर कळत नाही. ती गळ्याइतक्या पाण्यात कळते. या बाबतीत ठाण्याच्या आमच्या जलविहार मंडळाने बावन्न सालीच जी मजल मारली, ती इतर गावांना अजून साधलेली नाही. (डोंबिवलीकरांनी आमची नियमावली नेली आहे. तळे मिळाले की पोहायलाही लागतील.)

पूर्वी आमच्या तळ्यात लोक वाटेल तसे पोहत आणि एकमेकांच्या पोटात लाथा बसत. मग आम्ही काथ्याचे दोर ताणले, दोरांना वाळके भोपळे बांधले आणि तळ्याचे चार पट्टे केले. प्रत्येक पट्ट्यात वयाने ज्येष्ठ असेल त्याने पुढे राहायचे, बाकीच्यांनी मागे. पुढे जायचे झाल्यास 'जरा पुढे होऊ का?' असे विचारायचे आणि 'हो, या' असे उत्तर मिळाल्यावरच जायचे. ज्येष्ठाचे तोंड पाण्याखाली असल्यास ते वर येईपर्यंत थांबायचे. तेव्हापासून लाथांची एकही तक्रार नाही. पोहणेही जवळजवळ थांबले आहे, पण त्याची तक्रार कुणी केलेली नाही.

हे नियम अध्यक्ष हरिहरअण्णांनी केले. अण्णा निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे त्यांच्या पट्ट्यात विशेष शिस्त असे. पुढे अण्णा, मागे आनंदराव वकील, मग मी म्हणजे चिटणीस, आणि शेवटी विश्राम. हा ठाकुर्लीचा तरुण, रेल्वेत नोकरीला. त्याला रेल्वेच्या शर्यतीत उतरायचे होते आणि खाडीच्या भरती-ओहोटीत सराव होईना, म्हणून तो आमच्याकडे उमेदवार सभासद झाला. विचारल्यावाचून पुढे गेल्याबद्दल त्याला दोनदा समज मिळाली होती. तिसऱ्यांदा नाव कमी होणार, हे त्याला ठाऊक होते.

चैत्रातल्या एका रविवारी तळ्याच्या मध्यावर अण्णांच्या पायात गोळा आला आणि ते खाली गेले.

इथे भोपळ्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. भोपळे दुधी असावेत की तांबडे, यावर कार्यकारिणीत बराच खल झाला. दुधी तरंगतो चांगला, पण तांबडा दिसतो चांगला. अखेर तांबडे ठरले. (ते कुजले. मग दुधी.)

शिवाय आरडाओरड निषिद्ध आहे. मदत हवी असल्यास उजवा हात वर करून 'आपल्याला सवड असेल तर' अशी सुरुवात करावी लागते. अण्णा दोनदा वर आले आणि दोन्ही वेळा 'आपल्याला सवड' इथपर्यंत पोहोचले.

"सावकाश, अण्णा," आनंदराव म्हणाले. "आम्हाला घाई नाही."

"अहो, बुडतायत ते!" मागून विश्राम म्हणाला.

"आधी विचारा."

विश्रामने विचारले. उत्तरादाखल बुडबुडे आले. ते होकारार्थी होते की नाही, याबद्दल मतभेद आहेत.

"नाव गेलं तर गेलं," असे म्हणून तो आम्हा दोघांना ओलांडून पुढे घुसला, अण्णांची शेंडी धरली आणि त्यांना ओढत पायऱ्यांवर आणून टाकले.

संध्याकाळी सभा भरली. अण्णा घोंगडी पांघरून अध्यक्षस्थानी होते. आरोप दोन: तिसऱ्यांदा पुढे जाणे आणि ज्येष्ठाच्या शेंडीला हात लावणे. अण्णांचे डोळे भरून आले होते.

"विश्राम, तू नसतास तर मी आज इथे नसतो," ते म्हणाले. "पण मी इथे आहे. म्हणून मला नियम पाळला पाहिजे."

"असू दे अण्णा. पायाला तेल लावत जा," एवढे बोलून विश्राम गेला. शर्यतीला पंधरवडा राहिला होता. मला फार वाईट वाटले, पण मतदानात माझा हात सर्वांबरोबर वर गेला. त्यानंतर संयमाने थांबल्याबद्दल आनंदरावांच्या अभिनंदनाचा ठराव झाला.

विश्रामची जागा आता रिकामी आहे. माणूस पारखून घ्यायची आमची पद्धत आहे, म्हणून हे सांगता सांगता आपली परीक्षा घेतली. अण्णा पाण्याखाली असताना मी भोपळ्यांची हकीगत सांगत होतो. आपण मला थांबवले नाहीत, ओळी गाळून पुढे गेला नाहीत, माझे संपेपर्यंत शांतपणे मागे राहिलात.

आपली निवड एकमताने झाली आहे. रविवारी सकाळी यावे.